फागूकाकांच्या मरणाची तालीम

फागूलाल कटरे यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते वाचनालयात वर्तमानपत्रांच्या टेबलावर मरून पडले. ग्रंथपाल म्हणून माझा तो नोकरीतला दुसरा दिवस होता. सकाळी अकराच्या सुमाराला पांढरा पायजमा, खांद्यावर दुपट्टा अशा वेषातला एक उंच म्हातारा आत आला. त्यानं पेपर उघडला, पहिलं पान वाचलं, छातीवर हात ठेवला आणि खुर्चीतून अर्धवट उठला. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं, काहीतरी सांगायचं राहून गेल्यासारखा हात पुढे केला आणि तो टेबलावर आडवा झाला. एका पायातली चप्पल गळून पडली, तीही सावकाश. मी किंचाळले. पाणी आणायला धावले, त्यातलं अर्धं माझ्याच साडीवर सांडलं. एकशे आठला फोन लावला. पलीकडची बाई पत्ता विचारत होती, तेवढ्यात मेलेल्या माणसानं एक डोळा उघडला.

"कसा वाटला?"

"काय?"

"मरन, वो बाई! चप्पल बरोबर टायमावर पडली ना? आजकाल गुडघा साथ देत नाही, मनून लौकर सुटते."

बाकीचे वाचक मान वर न करता वाचत होते. कोपऱ्यातल्या एकानं पान उलटलं आणि म्हणाला, "काल यापेक्षा भारी होता." मी एकशे आठवाल्या बाईची माफी मागितली. त्या दिवसापासून फागूकाका रोज यायचे, रोज पेपर वाचायचे आणि आठवड्यातून तीन-चारदा तरी मरायचे.

त्यात त्यांचा इलाज नव्हता, कारण त्यांचा जन्म त्यातच गेला होता. आमच्या पूर्व विदर्भात दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईला नाटक लागतं. या झाडीपट्टीच्या नाटकांत फागूकाका तीसेक वर्षं मेले. कधी प्रामाणिक पोलीसपाटील म्हणून मेले, कधी दारुड्या मुलाचे वडील म्हणून, कधी भावानं दगा दिलेला भाऊ म्हणून. एका नाटकात त्यांना शेवटपर्यंत जिवंत राहून मुलीचं कन्यादान करायचं होतं. पब्लिकनं इतका गोंधळ घातला की पुढच्या गावापासून लेखकानं लग्नाच्या मांडवातच त्यांना साप चाववला. त्यांचं मरण आवडलं की लोक 'वन्स मोअर' ओरडत, मग काका उठून दुपट्टा झटकत आणि पुन्हा तेवढंच मरत.

"मरन मंजे भात शिजवनं हाये बाई," ते मला समजावत. "लौकर उतरवला तं कच्चा रायते, उशीर केला तं करपते. अन् झाकन सारखं सारखं उघडून पायचं नाही."

खऱ्या मरणाकडेही ते याच नजरेनं पाहत. गावातली मयत उरकली की आंघोळ करून वाचनालयाच्या ओट्यावर येऊन बसत आणि मी न विचारता अहवाल देत. "पारधीबुवा चांगला गेला. सप्पा गाव हजर, पोरी येऊन पोचल्या, गंगाजल टायमावर. शेवटचं वाक्य बी बोलला."

"काय बोलले?"

"मोटर बंद केली का, मनून इचारलं अन् गेला."

पण कुणी 'रेफर' झालेला असला की फागूकाकांचा चेहरा पडायचा. रेफर हे आमच्याकडचं क्रियापद आहे. गावातून तालुक्याला, गोरेगावला रेफर करतात, गोरेगावहून गोंदियाला, गोंदियाहून नागपूरला. कधी कधी माणूस जिवंत परत येतो, कधी चादरीत. "तिथं काचेच्या माघं मरते गा माणूस," काका म्हणायचे. "तोंडात नळी, शेवटचं वाक्य बोलाची सोय नाही. कलाकारानं विंगेत मरू नये."

काकांच्या घरी मात्र या कलेला काडीची किंमत नव्हती. जसोदाकाकू नवी नवरी असताना एकदाच त्यांचं नाटक पाहायला गेल्या होत्या. नवऱ्याच्या पोटात सुरा खुपसलेला पाहिला आणि त्या स्टेजवर चढल्या. खलनायकाला चपलेनं इतकं बडवलं की त्या नाटकात पहिल्यांदाच खलनायक आधी पडला. कंपनीच्या मालकानं हात जोडून त्यांना घरी पाठवलं. तेव्हापासून काकूंनी नाटक पाहिलं नाही आणि नवऱ्याच्या कुठल्याही मरणावर विश्वास ठेवला नाही. चोरखमारा तलावाच्या पाण्यावरची त्यांची तीन एकर धानाची शेती काकूच पाहत. बोलणं विळ्यासारखं. काका अंगणात मरून पडले तर त्या त्यांना ओलांडून बैलांना पाणी द्यायला जात.

पुढे वाचनालयाला कुठल्याशा योजनेतून प्रोजेक्टर मिळाला. नागपूरच्या माझ्या भाच्यानं पेनड्राइव्हमध्ये देशोदेशीचे माहितीपट भरून दिले आणि आम्ही दर शनिवारी दुपारी चार वाजता खिडक्यांना ताडपत्री बांधून ते दाखवायला लागलो. अडचण एकच होती. फिल्ममधली माणसं परक्या भाषेत बोलत, खाली इंग्रजी अक्षरं पळत आणि ती वाचून होण्याआधी पुसली जात. मग मी मागे बसून कानात मराठी सांगायचं आणि फागूकाकांनी ते माइकवर बोलायचं असं ठरलं. नाटकात मागून वाक्य सांगणारा असतोच, त्यामुळे काकांना हे जमलं. जरा जास्तच जमलं. पेंग्विन पक्ष्यांच्या फिल्ममध्ये मी सांगितलं, "नर अंडं उबवतो, मादी अन्न आणायला समुद्रात जाते." काकांनी माइकवर सांगितलं, "पाहा जी, नवरा घरी पोरगं सांभाळून रायला, बायको गोरेगावच्या बाजाराले गेली. अन् हा चहा बी मांगून नाही रायला!" गावातल्या बायकांनी ती फिल्म तीनदा मागून घेतली.

आता माझी चूक सांगते. एके शनिवारी मी लावली ती फिल्म एका बेकरीवाल्याची होती. मी नुसती पहिली दोन मिनिटं पाहिली होती. भट्टी, पीठ, गोल गोल पाव. मी फळ्यावर लिहून टाकलं, 'या शनिवारी: पाव कसा बनतो'. बचत गटाच्या पंचवीस बायका वह्या-पेन घेऊन आल्या. पहिल्या रांगेत जसोदाकाकू होत्या, कारण त्यांना नानकटाई शिकायची होती.

तिसऱ्या मिनिटाला कळलं की बेकरीवाल्याला आता पीठ मळता येत नाही. त्याचे स्नायू झिजत चाललेत. हात गेले, पाय गेले, आता घास उतरेना, पाण्याचे चार घोट तेवढे कसेबसे जात. त्याच्या थंड देशात कायदा असा की अशा माणसानं स्वतः मागितलं, पुन्हा पुन्हा मागितलं, तर डॉक्टर त्याला मरायला मदत करतो. एक पेला आणून देतो, प्यायचं ज्याचं त्यानं. म्हाताऱ्यानं ते मागितलं होतं. मुलगा म्हणत होता, ठीक आहे. मुलगी म्हणत होती, अजिबात नाही. आणि हे सगळं कॅमेऱ्यासमोर चाललं होतं. बायकांच्या वहीत 'मैदा' हा एकच शब्द लिहून झाला होता.

मी फिल्म बंद करायला उठले, तर सगळ्या ओरडल्या, "राहू द्या ना!" आणि चर्चा सुरू झाली.

"काऊन मरते पन? घरात हीटर हाये, खायले पाव हाये."

"गिळता येत नाही ना त्याले."

"मंग पेज द्या."

"पेज बी नाही उतरत म्हनून रायले ना."

"त्याले एक एकर धानाची रोवनी द्या. मराले टाइम नाही भेटत."

हसू पिकलं. मग मागच्या रांगेतली एक बाई म्हणाली, "माझी सासू चार मयने पडून होती. रोज मने, मले सोड. कोठं सोडू मी तिले?"

पडद्यावर शेवटचा दिवस आला. डॉक्टरनं विचारलं, हे प्यायल्यावर काय होईल ते तुम्हाला ठाऊक आहे ना? म्हातारा म्हणाला, हो, मी झोपेन आणि मरेन. त्यानं स्ट्रॉनं ओढून पेला रिकामा केला. इकडे माइकवर फागूकाकांच्या अंगात आलं. त्यांनी घोट घेतला, डोळे मिटले, "पोरी, भट्टी इझवजो" असं स्वतःच्या पदरचं वाक्य टाकलं आणि ते असे काही मेले की बचत गट हुंदके देऊ लागला. आणि मागून कुणीतरी, तीस वर्षांच्या सवयीनं, ओरडलं, "वन्स मोअर!"

माझ्या हातून ते कसं झालं मला माहीत नाही. मी फिल्म मागे घेतली. बेकरीवाला पुन्हा जिवंत झाला, डॉक्टरनं पुन्हा विचारलं, तो पुन्हा मेला. पुन्हा वन्स मोअर. त्या सज्जन माणसाला त्याच्या देशात कायद्यानं एकदाच मरू दिलं होतं. आमच्या वाचनालयात तो एका दुपारी तीनदा मेला.

नाही, तीनदा नाही. तिसऱ्यांदा डॉक्टरनं विचारलं आणि मी काकांच्या कानात म्हटलं, "हो, मी झोपेन आणि मरेन." काका गप्प. मी पुन्हा सांगितलं. काकांनी माइक तोंडाजवळ धरला आणि म्हणाले, "नाही जी डाक्टर. आज नाही. धान कापून होऊ द्या, मंग पाहू."

पडद्यावर म्हातारा पेला पीतच होता. "हा चहा हाये," काकांनी जाहीर केलं. म्हातारा उशीवर टेकला. "झोपला गा! दुपारची झोप." मुलगी रडायला लागली. "पोरगी खुशीनं रडून रायली." टाळ्या, शिट्ट्या. बायका डोळे पुसत उठल्या. मला हसू आवरत नव्हतं.

एकट्या जसोदाकाकू बसून राहिल्या. "बाई," त्यांनी मला विचारलं, "तो नाही मनला का?"

"नाही काकू. तो हो म्हणाला."

काकू नवऱ्याकडे वळल्या. "अजी, मरनारा माणूस आपल्या तोंडानं बोलून रायला होता. तुमी त्याच्या तोंडात आपला डायलॉग कायले कोंबला?"

"त्याचे डोरे पायले का तू? नाही मनाचं होतं त्याले."

"मनाचं होतं तं मनला असता."

"कसा मनन?" काका एकदम उसळले. "कॅमेरा लावला हाये, डाक्टर येऊन बसला, पोरंसोरं जमा झाले. परदा उघडल्यावर कोनी मनते का, आज मरत नाही, घरी जा मनून? मी तीस वरसं स्टेजवर काढले, मले सांगते तू! पब्लिकसमोर माघं नाही फिरता येत."

काकूंनी पदर खोचला. "हे तुमचं झालं. त्याचं त्याले मालूम," म्हणाल्या आणि नानकटाई न शिकताच घरी गेल्या. मी मधे पडले नाही. दोघंही मला बरोबर वाटत होते आणि अशा वेळी मी ताडपत्री सोडायला घेते.

पुढचे पंधरा दिवस गावात दोन पक्ष होते. पेल्यात औषध होतं आणि ते प्यायचा त्याला हक्क होता, असं म्हणणारे औषधवाले. असा पेला कुणी कुणाला देऊच नये, दिलाच तर चहाचा द्यावा, असं म्हणणारे चहावाले. टपरीवर माणूस आला की आधी पक्ष विचारत, मग साखर. दोन सख्ख्या भावांनी बांधावर उभं राहून यावरून एवढा वाद घातला की कालव्याचं पाणी तिसऱ्याच्याच धानाच्या बांधीत गेलं. शेवटी मी गोरेगावहून मोटरसायकलवर येणाऱ्या आमच्या डॉक्टरांना शनिवारी बोलावलं. ते म्हणाले, तो पेला आपल्या देशात चालत नाही, डॉक्टरनं दिला तर गुन्हा होतो. पण मला मशीन लावू नका, नुसतं लांबवू नका, असं माणूस शुद्धीत असताना लिहून ठेवू शकतो. दोन साक्षीदार लागतात, नोटरीचा शिक्का लागतो आणि आपल्याला बोलता येईनासं झालं तर आपल्या वतीनं कोण बोलेल त्याचं नाव लागतं. औषधवाले आणि चहावाले दोघेही हिरमुसले, कारण कुणीच जिंकलं नाही.

त्या सोमवारी फागूकाका वाचनालयात आले, पेपर वाचला आणि मेले नाहीत. मला धास्ती वाटली. त्यांनी दुपट्ट्यातून एक घडी घातलेला कागद काढून माझ्यासमोर ठेवला. गोंदियाच्या दवाखान्याचा रिपोर्ट होता, दोन महिन्यांपूर्वीचा. हृदय मोठं झालंय, पंपिंग फार कमी आहे.

"डाक्टर मने, दिल मोठं हाये तुमचं. मी मनलं, सप्पा झाडीपट्टीले मालूम हाये." मग आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, मले रेफर नाही व्हायचं. कागद लिव्हून द्या."

म्हणजे त्या शनिवारी त्या बेकरीवाल्याच्या जागी कोण बसलं होतं ते मला आत्ता समजलं. मला फार वाईट वाटलं. कागद मात्र मी लिहिला नाही, त्यांनीच लिहिला आणि तो नाटकासारखा लिहिला. 'अंक पहिला व शेवटचा. स्थळ: अंगण. खाट मधोमध, तोंड पब्लिककडे. पात्रे: फागूलाल (मरणारा), जसोदा (पत्नी), राजू (मुलगा, रडतो). नळी, मशीन, काच यांना प्रवेश नाही.' गोंदियाच्या नोटरीनं तो दोनदा वाचला आणि आम्हाला साध्या भाषेत लिहून आणायला सांगितलं.

प्रश्न उरला, काकांच्या वतीनं बोलणार कोण? त्यासाठी त्यांनी निवड चाचणी घेतली. खाटेवर बेशुद्ध पडायचं आणि कोण काय करतं ते डोळ्यांच्या फटीतून पाहायचं. मी नापास झाले, कारण मला खरं वाटलं आणि मीच बसले रडत. मुलगा राजू, त्याचं गोरेगावात खताचं दुकान आहे. तो तर असा नापास झाला की विचारू नका. त्यानं शेजाऱ्याला हाक मारली, बापाला उचलून मोटरसायकलवर दोघांच्या मधे बसवलं आणि गाडी दवाखान्याच्या दिशेनं सोडली. काका तत्त्वाचे. कालव्याच्या पुलापर्यंत ते बेशुद्धच राहिले. पुलावरच्या खड्ड्यात त्यांचा दात ओठात रुतला तेव्हा "थांबव रे बैला!" असं ओरडून शुद्धीवर आले.

शेवटी जसोदाकाकूंची पाळी. त्या शेतातून आल्या, खाटेवरच्या नवऱ्याकडे पाहिलं, त्याच्या बरगडीत बोट खुपसलं आणि म्हणाल्या, "अजी, चहा पेता का?" उत्तर आलं नाही. पुन्हा म्हणाल्या, "पेता का नाही ते सांगा. नाही तं मी पेतो."

"पेतो," काका डोळे मिटूनच म्हणाले. काकूंचं नाव कागदावर लागलं.

सहीच्या दिवशी काकांनी नोटरीच्या व्हरांड्यात तो कागद मोठ्यानं वाचून दाखवला. शेतीच्या, जातीच्या कागदांसाठी ताटकळलेली तीसेक माणसं तिथे होती. "मी फागूलाल कटरे, संपूर्ण शुद्धीत..." असा आवाज लावला की शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं मशीन थांबवलं. 'मला नेऊ नये' या वाक्याला टाळ्या पडल्या. साक्षीदार म्हणून मी आणि चहाटपरीवाल्यानं सह्या केल्या. मोटरसायकलच्या प्रकरणानं शरमलेल्या राजूनं कागदाची प्रत लॅमिनेट करून घेतली आणि ती पाढ्यासारखी पाठ केली.

ती वेळ मार्गशीर्षात आली. धानाची मळणी चालली होती. सकाळी नऊला काकूंचा फोन आला, "बाई, या. खरं हाये." मी धावत गेले. काका खाटेवर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, आणि हवा ओढत होते. ओठ निळे झाले होते. डॉक्टर माझ्याआधीच पोचले होते. ते म्हणाले, फुप्फुसात पाणी भरलंय, इथे काही होणार नाही. नागपूरला मशीनवर ठेवलं तर यातून कदाचित निघतील. गाडी बाहेर उभी होती. आणि दारात राजू दोन्ही हात पसरून उभा होता, एका हातात लॅमिनेट केलेला कागद, डोळ्यांतून धारा.

"नाही नेऊ देत! बाबूजीनं लिव्हून ठेवलं हाये. काचेच्या माघं नाही न्यायचं!"

लाज वाटते, पण सांगते. मीही राजूच्या बाजूनं बोलले. साक्षीदार होते ना. "'मला नेऊ नये' हा तिसरा मुद्दा स्पष्ट आहे डॉक्टर," असं मी म्हणाले. एक माणूस माझ्या पुढ्यात श्वासासाठी तडफडत होता आणि मी मुद्दे मोजत होते. डॉक्टर म्हणाले, "अहो, ते शुद्धीत आहेत, कागद आत्ता कशाला?" पण राजूच्या रडण्यात ते कुणाला ऐकू आलं नाही.

"सरका सप्पे," काकू म्हणाल्या. त्यांनी खाटेजवळ बसून नवऱ्याचं तोंड स्वतःकडे वळवलं. "अजी. इकडं पाहा. नागपूरले जाता का?"

काकांनी मान हलवली. वरून खाली, अशी जोरात की खाट करकरली.

"माय, पन कागद..."

"कागद तवाचा हाये रे राजू. बाप आताचा हाये. उचल."

नागपूरला काका नऊ दिवस काचेमागे होते, त्यातले चार नळी लावून. बाराव्या दिवशी अर्धे होऊन परत आले. आल्या आल्या अहवाल दिला. "काच हाये, पब्लिक बी हाये, पन सप्पे मोबाईल पाहून रायले. शेजारच्या खाटेवरचा मेला, कोनाच्या ध्यानात नाही आलं. मले वाटलं उठून टाळी वाजवाव, पन हात बांधून ठेवले होते." आम्ही हसलो. राजू इतका हसला की बाहेर निघून गेला.

मग आम्ही दोघंच असताना मी विचारलं, "काका, तुम्ही बदललात कसे?"

"भेव लागला बाई," ते म्हणाले. "नोटरीच्या दारात लोक होते, तवा नाही लागला. तवा तं मी एकदम हीरो होतो." मग म्हणाले, "त्या बेकरीवाल्याले लागला का नाही, मले काय मालूम. माझ्या पोटातला भेव मी त्याच्या तोंडात घातला. जसोदा बरोबर बोलली."

पुढच्या शनिवारी त्यांच्याच सांगण्यावरून ती फिल्म पुन्हा लागली. काका खुर्चीत बसून बोलले. मी सांगितलं तेवढंच, शब्दाला शब्द. पोरी-भट्टीचं वाक्यही गाळलं. "हो, मी झोपेन आणि मरेन," हे त्यांनी इतक्या साध्या आवाजात सांगितलं की मला माझाच आवाज वाटला. कुणी वन्स मोअर ओरडलं नाही. फिल्म संपल्यावर त्यांनी राजूकडून कागदाची मूळ प्रत मागवली आणि तळाशी स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'वरचं सप्पा खरं हाये. तरी मले इचारा.' या ओळीवर शिक्का नाही, त्यामुळे कायद्यात ती बसते की नाही कोण जाणे.

ते आणखी सात महिने जगले. वाचनालयात यायचे, पण टेबलावर मरायचे नाहीत. कुणी आग्रह केला तर म्हणायचे, "रियाज बंद हाये." मला ते टेबल रिकामं रिकामं वाटायचं.

पावसाळ्यात, धानाच्या रोवणीच्या दिवसांत, काकांच्या फुप्फुसात पुन्हा पाणी भरलं. या वेळी हळूहळू. डॉक्टर म्हणाले, नेलं तर चार-आठ दिवस मिळतील, जास्त नाही. काकूंनी सकाळी विचारलं, "जाता का नागपूरले?" काका म्हणाले, "नाही." दुपारी विचारलं. "नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथे होते तेव्हा तिसऱ्यांदा विचारलं. काका थकून हसले. "कितीदा इचारते वो? एकच डायलॉग हाये माझा."

खाट अंगणात नव्हती, पावसामुळे पडवीत होती. पब्लिक शेतात होतं. अकराच्या सुमाराला काकू रोवणीच्या बायकांचा चहा ठेवायला आत गेल्या, मी त्यांना कपबशा काढून देत होते. परत आलो तेव्हा फागूकाका गेले होते. तोंड उघडं, मान वाकडी, एक हात अंगाखाली दबलेला. ना हाक, ना शेवटचं वाक्य. ते स्वतः पाहायला असते तर म्हणाले असते, कच्चा उतरवला.

काकूंनी त्यांचं तोंड मिटलं, मान सरळ केली, दबलेला हात सोडवून छातीवर ठेवला. रडल्या नाहीत. मग अंगणातल्या पावसाकडे बघत मला म्हणाल्या, "तीनदा इचारलं मी बाई. चौथ्यांदा इचारलं असतं तं?"

मला रडू येत होतं आणि काहीतरी चांगलं बोलावं असं वाटत होतं. मी म्हटलं, "काकू, काका नाहीच म्हणाले असते."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. "त्याच्या वतीनं तुमी नोका सांगू बाई," त्या म्हणाल्या.

राजू शेतातून येईपर्यंत आम्ही दोघी काकांच्या दोन बाजूंना तशाच बसून राहिलो. चुलीवरचा चहा तोवर आटून गेला.